एककांचा ताळा : शाब्दिक उदाहरणांच्या पडताळ्याचा आढावा

गुणाकार बरोबर आला की नाही, हे पाहण्यासाठी नवांचा ताळा घेतात. ४३ × २५ = १०७५ या गुणाकारात ४३ च्या अंकांची बेरीज ७, २५ च्याही अंकांची ७, त्यांचा गुणाकार ४९, त्याचे १३ आणि १३ चे ४. तिकडे १०७५ च्या अंकांची बेरीजही १३, म्हणजे ४. ताळा जुळला. पण घाईघाईत कोणी १०५७ लिहिले, तरी तो जुळतोच. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चुकले. जुळला तर ते बरोबर असण्याचा संभव वाढला. याहून जास्त कोणत्याही ताळ्याकडून मागता येत नाही.

शाब्दिक उदाहरणांसाठी असाच एक ताळा आहे, तो एककांचा. उदाहरणातली प्रत्येक राशी संख्येसोबत आपले एकक घेऊन येते: रुपये, मीटर, तास, लिटर. संख्यांवर जी क्रिया केली तीच एककांवरही करायची आणि शेवटी विचारलेल्या राशीचेच एकक हाती येते का ते पाहायचे. २४० किलोमीटरला ५ तासांनी भागले तर ‘किलोमीटर प्रति तास’ मिळतात. उलट भागले तर ‘तास प्रति किलोमीटर’, आणि तो वेग नव्हे. ४ किलोमीटर आणि ३ तास यांची तर बेरीजच होत नाही.

दोन्ही ताळ्यांची कामे वेगळी आहेत. नवांचा ताळा आकडेमोडीवर लक्ष ठेवतो, रीत चुकली तर त्याला पत्ता लागत नाही. एककांचा ताळा रीतीवर लक्ष ठेवतो. सात आठे चोपन्न म्हटले तरी तो हू की चू करत नाही. शाब्दिक उदाहरणात मुले अडतात ती बहुधा रीतीपाशी, म्हणून हा दुसरा ताळा मोलाचा. त्याच्यावर भरवसा किती ठेवावा आणि तो शिकवावा कसा, यावर मात्र मतभेद आहेत.

त्रैराशिकातली ‘जात’

ही कल्पना भारतीय गणितात फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये त्रैराशिकाचा नियम दिला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) गणिताच्या आधी परिभाषा येते, म्हणजे कोष्टके येतात: २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क, पुढे लांबीची, वजनाची, धान्याची मापे. आधी एकके पक्की, मग क्रिया, असा तो क्रम आहे.

त्रैराशिकाची मांडणीच एककांवर उभी आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींपैकी प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या, त्या पहिल्या व शेवटच्या जागी. फल दुसऱ्या जातीचे, ते मधल्या जागी. मधलीला शेवटचीने गुणायचे आणि पहिलीने भागायचे. ३ किलो ज्वारीला १३५ रुपये, तर ७ किलोला किती? दोन्ही टोकांना किलो, मध्ये रुपये; १३५ × ७ ÷ ३ = ३१५. किलोला किलोने भाग गेला, रुपये उरले. संख्या चुकीच्या जागी बसवायला निघालेल्याला जातच अडवते. आज ज्याला एककांचा पडताळा म्हणतात, तो इथे शेवटी करायचा नसून मांडणीतच बसवलेला आहे.

पण या मांडणीची मर्यादाही त्याच परंपरेला ठाऊक होती, म्हणून व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगावे लागले. १२ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर २० मजूर किती दिवसांत करतील? सरळ त्रैराशिकाने १५ × २० ÷ १२ = २५ दिवस; व्यस्त त्रैराशिकाने १५ × १२ ÷ २० = ९ दिवस. दोन्हीकडे मजुरांना मजुरांनी भाग जातो आणि दिवस उरतात. जात जुळली, तरी पहिले उत्तर साफ चूक आहे. मजूर वाढले की दिवस कमी होतात, हे एककांना माहीत नसते. ते उदाहरण वाचणाऱ्यालाच कळावे लागते.

आणे-पैंपासून दशांश चिन्हापर्यंत

दशमान पद्धत येईपर्यंत एकके विसरून हिशेब करणे शक्यच नव्हते. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. मणाचे ४० शेर, शेराचे ८० तोळे. बेरजेत पैंच्या रकान्यातून हातचा आण्यांच्या रकान्यात न्यायचा तो बाराने, तिथून रुपयांत न्यायचा तो सोळाने. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिलेले असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करण्यामागेही हीच गरज होती. शेर हे वजनाचेही नाव होते आणि धान्य मापायच्या मापाचेही. चार शेरांची पायली होई ती मापाच्या शेराची. नाव एकच असले तरी राशी एकच नसते, ही जाणीव त्या पिढ्यांना व्यवहारातूनच मिळे.

वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा आला, आणि पुढच्या काही वर्षांत किलो-मीटर-लिटर सर्वत्र रूढ झाले. आकडेमोड कितीतरी सोपी झाली. ५ रुपये ७५ पैसे म्हणजे ५.७५, आणि मग ती नुसती संख्या. रकान्यांची जागा दशांश चिन्हाने घेतली आणि एकक रीतीतून निघून उत्तराच्या शेपटीला गेले. हा बदल कोणी ठरवून केलेला दिसत नाही. सोयीच्या पोटी तो झाला. आजच्या चर्चेचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

राशी की नुसती संख्या?

एक मत असे: गणिताची क्रिया संख्यांवर होते, वस्तूंवर होत नाही. ‘सीतेचे आजचे वय क्ष वर्षे मानू’ असे म्हटले की क्ष ही संख्या झाली. पुढचे समीकरण संख्यांचे. ते सोडवायचे आणि उत्तर लिहिताना वर्षे हा शब्द परत आणायचा. या मताच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे स्वच्छता. ओळी आटोपशीर राहतात, आणि एकच समीकरण वयालाही लागू पडते, आंब्यांनाही, अंतरालाही. गणिताची ताकद या अमूर्ततेतच आहे, हे म्हणणे खोटे नाही.

दुसरे मत भौतिकशास्त्रातून आले. उष्णतेवरील १८२२ च्या ग्रंथात फूरिएने सांगितले की समीकरणातली सगळी पदे एकाच मितीची असली पाहिजेत. राशी म्हणजे संख्या गुणिले एकक, ही मांडणी पुढे मॅक्सवेलच्या लेखनातून रूढ झाली. वस्तुमान, लांबी आणि काळ यांच्या घातांकांत मिती लिहिण्याची पद्धतही त्याचीच. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सुरुवातीलाच मितीय विश्लेषण येते ते या परंपरेतून. राशींवर थेट क्रिया करणे गणिताच्या दृष्टीनेही पक्के आहे का, हा प्रश्न हॅस्लर व्हिटनी या मोठ्या गणितज्ञाने हाती घेतला. १९६८ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त दोन भागांत लेख लिहून, मीटर-सेकंदांसकट राशींचे बीजगणित काटेकोरपणे उभे करता येते, हे त्याने दाखवले. तेव्हापासून ‘एककांसकट आकडेमोड करणे अशास्त्रीय आहे’ या आक्षेपात फारसा जीव उरलेला नाही.

तिसरा विचार शिक्षणाच्या अभ्यासकांचा. फ्रान्सचे जेरार व्हेर्न्यो यांनी १९८३ मध्ये गुणाकाराच्या उदाहरणांचे मुख्य प्रकार वेगळे केले. एकात दोन प्रकारच्या राशींमधला दर असतो, जसे किलो आणि रुपये. दुसऱ्यात दोन राशींच्या गुणाकारातून तिसरीच राशी जन्मते, जसे मीटर गुणिले मीटर म्हणजे चौरस मीटर, किंवा ४ सदरे आणि ३ पायजमे यांच्या १२ जोड्या. अमेरिकेचे जुडा श्वार्ट्झ यांनी १९८८ मध्ये यालाच जोडून सांगितले की बेरीज-वजाबाकीत राशीची जात तीच राहते, गुणाकार-भागाकारात बदलते. या अभ्यासकांच्या मते, एकक ही राशीच्या अर्थाची खूण आहे. अर्थ कळल्यावर एकक मदतीला येते; अर्थाऐवजी वापरले तर ते फसवू शकते.

ताळा काय पकडतो

रोजच्या व्यवहारातले उदाहरण व्याजाचे. मुद्दल ५००० रुपये, दर शेकडा २ दरमहा, मुदत ३ वर्षे. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ५००० × २ × ३ ÷ १०० करून ३०० रुपये लिहितो. एकके लिहिली असती तर रुपये × ‘प्रति महिना’ × वर्षे अशी ओळ झाली असती, आणि वर्षाला महिन्याने भाग जात नाही हे डोळ्यांना दिसले असते. वर्षाचे १२ महिने घातले की मुदत ३६ महिने आणि व्याज ३६०० रुपये. बारापटीची चूक एका शब्दाने थांबली असती.

इथे एक बारकावा आहे. मितीच्या भाषेत वर्ष आणि महिना दोन्ही काळच. त्यामुळे भौतिकशास्त्रातला मितीचा ताळा ३०० रुपयांचे उत्तरही पास करतो. एककाचा ताळा मात्र ते अडवतो. म्हणजे एकाच नावाखाली दोन चाळण्या आहेत: मितीची चाळण जाड, एककाची बारीक. शाळेच्या उदाहरणांत दुसरीची गरज जास्त पडते.

क्षेत्रफळातही तेच. ४.५ मीटर × ३.६ मीटरच्या खोलीत ३० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फरश्या किती लागतील? खोली १६.२ चौरस मीटर, फरशी ९०० चौरस सेंटिमीटर. मीटरचे सेंटिमीटर करताना १०० ने गुणायचे, एवढेच लक्षात असलेला विद्यार्थी १६२० ला ९०० ने भागून १.८ फरश्या काढतो. १०० सेंटिमीटर × १०० सेंटिमीटर = १०,००० चौरस सेंटिमीटर असे एककासकट मांडले की १,६२,००० ÷ ९०० = १८० येतात.

नुसत्या संख्येवर विसंबल्याने काय होते, याचे एक ठळक उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या उड्डाणाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाक्यांत ७६८२ लिटर होते. देश पौंडांकडून किलोकडे वळत असतानाचा तो काळ. लिटरचे वजन काढायला १.७७ हा आकडा वापरला गेला: ७६८२ × १.७७ = १३,५९७. हे किलो समजून उरलेले ८७०३ किलो काढले, त्यांना पुन्हा १.७७ ने भागले आणि ४९०० च्या आसपास लिटर भरायचे ठरले. पण १.७७ होते पौंड प्रति लिटर. किलो प्रति लिटर हवे तर ०.८ च्या आसपासचा आकडा पाहिजे होता. खरी गरज सुमारे २०,००० लिटरची होती. विमानाची दोन्ही इंजिने वाटेत बंद पडली आणि वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. जीवितहानी झाली नाही. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. ‘७६८२ लिटर × १.७७ पौंड प्रति लिटर’ असे कोणी लिहिले असते, तर उत्तर पौंडांत आहे हे त्या ओळीतच दिसले असते.

ताळ्यातून काय निसटते

काही चुका एककांच्या नजरेत कधीच येत नाहीत. १२० किलोमीटर जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी वेग किती? ५० म्हणणाऱ्याचे एकक अगदी बरोबर असते. खरे उत्तर मात्र २४० किलोमीटर भागिले ५ तास, म्हणजे ४८. त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला अर्धा विसरला तरी चौरस सेंटिमीटर येतातच, कारण अर्ध्याला एकक नाही.

नफा-तोट्याच्या प्रकरणात तर हा ताळा जवळपास आंधळा होतो. ४०० रुपयांची वस्तू ५०० ला विकली, नफा शेकडा किती? १०० ला ४०० ने भागले तर २५, ५०० ने भागले तर २०. खरेदी, विक्री, नफा सगळे रुपयेच. इथे उपयोगी पडते ते ‘खरेदीचे रुपये’ आणि ‘विक्रीचे रुपये’ असे वेगळे नाव देणे. तेही एक प्रकारे एककच, फक्त कोष्टकात नसलेले.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीतले बसचे उदाहरण या क्षेत्रात फार चर्चिले गेले आहे. ११२८ जवान, एका बसमध्ये ३६. किती बस लागतील? १३ वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याने ३२ हे उत्तर दिले. २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ लिहिले. जवानांना ‘जवान प्रति बस’ने भागले की बस उरते, ताळा जुळतो. पण उरलेल्या १२ जणांना नेणार कसे, हे एककाला विचारता येत नाही.

वर्गातले पुरावे आणि वाद

१९८० मध्ये ग्रेनोबल येथील गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचे वय किती? ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून उत्तर दिले. या प्रयोगाचा अर्थ काय लावावा यावर पुष्कळ लिहिले गेले. शाळेतल्या उदाहरणाला उत्तर असतेच, असा मुलांचा समज असतो, हे स्पष्टीकरण सर्वांत जास्त मान्य झाले. एककांच्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. एकक फक्त उत्तरालाच लावायचे असेल, तर ‘३६’ च्या पुढे ‘वर्षे’ लिहायला काहीच अडचण नाही. प्रश्नातून शब्द उचलला की झाले. २६ मेंढ्या + १० शेळ्या = ३६ जनावरे, असे लिहिणाऱ्याला मात्र जनावरांची वर्षे करता येत नाहीत.

विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच गंभीर आहे. अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे समीकरणात लिहायला सांगितले. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जण चुकले, आणि बहुतेकांची चूक एकच: वि = ६प्र ऐवजी ६वि = प्र. ‘वि’ ही विद्यार्थ्यांची संख्या आहे, हे न घेता तो ‘विद्यार्थी’ या शब्दाचा संक्षेप धरला, तर ‘दर ६ विद्यार्थ्यांमागे १ प्राध्यापक’ असेच लिहिले जाणार. ‘१०० सेमी = १ मी’ ही ओळ अशीच वाचायची असते, आणि तिथे ती बरोबरच आहे. म्हणजे एकक म्हणून अक्षर आणि संख्या म्हणून अक्षर हे एकाच ओळीत आले की गोंधळ उडतो. ‘२अ म्हणजे दोन आंबे’ असे सांगून बीजगणित सुरू करणाऱ्यांना अभ्यासक सावध करतात ते यामुळेच. हा आक्षेप नीट तोलायला हवा: तो अंकगणितातल्या एककांना लागू पडत नाही, बीजगणिताच्या उंबरठ्यावर मात्र पूर्ण लागू पडतो.

जपानमधला वाद निराळा. १९७२ मध्ये ओसाकातल्या एका शाळेचे प्रकरण वर्तमानपत्रात गाजले. ६ मुलांना प्रत्येकी ४ संत्री द्यायची, तर किती लागतील? मुलाने ६ × ४ = २४ लिहिले; शिक्षकांना ४ × ६ हवे होते. दरमाणशी संत्री आधी, कारण उत्तरही संत्र्यांत. राशींवर आधारलेल्या शिक्षणाचे पुरस्कर्ते असलेले गणितज्ञ तोयामा हिराकु यांनी दोन्ही मांडण्या बरोबर मानल्या. पत्ते वाटतात तशी संत्री वाटली, तर एका फेरीत ६ लागतात आणि फेऱ्या ४ होतात. पंगतीत लाडू वाढणाऱ्याला हे पटवून द्यावे लागणार नाही: दर फेरीला ६, फेऱ्या ४. एककांचा नियम अर्थ उलगडण्यासाठी असतो. लिहिण्याच्या क्रमाची सक्ती झाली की तो अर्थच झाकतो.

रसायनशास्त्राच्या वर्गात चालणारी ‘एककांची काटाकाट’ही अशीच दुधारी आहे. ग्रॅम वर, ग्रॅम खाली, काट मारा, मोल उरले. उत्तर भराभर येते. पण मोल म्हणजे काय हे न कळताही ते येते, अशी तक्रार शिक्षक करतात. आणि निदान उलटा भागाकार तरी टळतो, असे समर्थन दुसरे शिक्षक देतात. दोघेही आपापल्या अनुभवातले खरेच बोलतात.

अजून न सुटलेले

मोजायच्या वस्तूंना एकक मानावे का, हा एक प्रश्न. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आंबे, माणसे, बस यांना एकक नाही. मोजून आलेली संख्या नुसती संख्या. पण चौथीच्या वर्गात ‘१२ आंबे प्रति टोपली × ३ टोपल्या’ हे लिहिण्यातच सारे समजणे आहे. तिथे आंबा हे एकक धरणेच योग्य.

दुसरा प्रश्न वयाचा. ‘प्रति’ हा शब्द, म्हणजे दर, मुलांच्या हाती कधी द्यायचा? बहुतेक अभ्यासक बेरीज-वजाबाकीत पहिल्यापासून एकके लिहावीत आणि ‘एकाची किंमत’ शिकताना दराचे एकक यावे, याला अनुकूल दिसतात. बीजगणितात मात्र समीकरण संख्यांचेच ठेवावे आणि त्याआधी ‘क्ष = आंब्यांची संख्या’ असे पूर्ण वाक्य लिहावे, याकडे कल आहे. या दोन टप्प्यांमधला सांधा कसा जुळवायचा, याची सर्वमान्य पद्धत अजून बसलेली नाही.

तिसरा प्रश्न गुणांचा, आणि वर्गात खरा फरक पाडणारा तोच. उत्तराला एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापण्याची चाल अनेक शाळांत आहे. तिने मुलांना शेवटी शब्द चिकटवायची सवय लागते. कप्तानाच्या वयालाही ‘वर्षे’ चिकटतातच. तपासणाऱ्या शिक्षकांनी तो अर्धा गुण उत्तराऐवजी रीतीतल्या दराला द्यावा: ज्या मुलाने १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ लिहिले, त्याला.